शेवटची ओव्हर आणि रिकाम्या खुर्च्या
भाजलेल्या सुक्या बोंबलांचा वास आला की मला ती शिमग्याची सुट्टी आठवते. होड्या किनाऱ्याला लागलेल्या, अख्खा गाव घरी, म्हणून मी देवळासमोर मोठा पडदा लावून क्रिकेटचा अंतिम सामना दाखवत होतो. शेवटची ओव्हर सुरू झाली आणि बोंबलांच्या ताटल्या तशाच टाकून सगळे उठले. मी हबकलोच. माणसं आमच्याच घराकडे धावत होती. मागोमाग गेलो, तर ओटीवर पाय ठेवायला जागा नाही आणि आत जुन्या टीव्हीवर कबड्डी. "अरे, तिथं क्रिकेट संपतंय!" मी ओरडलो. आईनं मान वळवलीसुद्धा नाही. "त्यात आपला कोन हाय? हितं तुजी बहीन खेलते!" बहीण पहिल्यांदाच टीव्हीवर दिसणार होती. ती तारीख तिनं सगळ्यांत आधी मला सांगितली होती, हे आठवलं की आजही बोंबील घशाखाली उतरत नाही.