यंदा पाळी कोणाची

ही गोष्ट मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही — आणि ती तर माझ्या पोटातलं सगळं बोलता बोलता काढून घेते. हे एवढंच राहिलं. तुम्हाला सांगतोय, कारण आता सांगितल्याशिवाय घास उतरत नाही.

पण एकदम सांगता येत नाही. आधी आमच्या देवासची गंमत सांगतो.

गाव एक, राज्यं दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. मधून रस्ता जातो, इकडचं पान तिकडे पडलं तर राज्य बदललं असं आम्ही थट्टेत म्हणतो. दोन सरकार, दोन कचेऱ्या, आणि मानपान तर विचारूच नका. कोणाचं नाव आधी घेतलं यावरून व्याही व्याह्याशी बोलेनासा झालेला मी पाहिलाय.

अशा गावात तात्या मास्तरांनी गणपतीत पोरांचा मेळा काढला — दोन्ही पात्यांच्या पोरांचा, एकत्र. लोक म्हणाले, मास्तरांचं डोकं फिरलं. फिरलंच होतं, पण काय सुंदर फिरलं होतं! शाळेत हिशेब शिकवणारा माणूस, संध्याकाळी आम्हा पोरांना घेऊन ओसरीवर रद्दी भिजवायचा. मास्तरांच्या घरच्या काकू खळ शिजवायच्या. त्या लगद्यातून आम्ही हत्ती केला, दोघांनी आत शिरून चालवायचा असा. कपडे आम्हीच रंगवले, पदं मास्तरांनी रचली, आणि चाली माळव्यातल्या बायका लग्नात म्हणतात त्या. ब्राह्मणाचं पोर, मराठ्याचं, शिंप्याचं — सगळ्यांचे हात एकाच खळीत. आता आठवलं तरी जीव सुपाएवढा होतो.

मेळ्याचं नमन मी म्हणत असे. माझे वडील धाकट्या पातीच्या कचेरीत कारकून. गळा बरा होता. नुसता बरा, त्यापलीकडे नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण तेव्हा ते कळत नव्हतं.

मग सुभान आला. थोरल्या पातीच्या पागेत त्याचा बाप मोतद्दार होता, घोड्यांची निगा राखायचा. सुभान माझ्याच वयाचा, हडकुळा, अंगाला सदा घोड्यांच्या चंदीचा वास. मास्तरांनी त्याला सहज म्हणायला सांगितलं, आणि काकू स्वयंपाकघरातून खळीची पळी हातात तशीच धरून बाहेर आल्या. असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. त्या वर्षी नमन सुभानला गेलं. माझ्या आईनं घरी त्याचं कौतुक केलं — माझ्यासमोर. मीही मान डोलावली. आत काय जळत होतं, ते तिला कुठून दिसणार?

आता ती रीत. नमन झालं की नमन म्हणणाऱ्यानंच दोन्ही सरकारांचा जयजयकार करायचा. आधी कोणाचा? मास्तरांनी तोड काढली होती — एक वर्ष थोरल्यांचा आधी, एक वर्ष धाकट्यांचा. त्या एका तोडीवर सगळा मेळा उभा होता. त्या वर्षी पाळी धाकट्यांची होती. सुभाननं तसंच घोकलं होतं.

आणि मास्तरांचे निरोप पोचवायचं काम माझ्याकडे असे. हे लक्षात ठेवा.

तिन्हीसांजेची वेळ. बाजारात मांडव, एका बाजूच्या जाजमावर थोरल्या पातीचे लोक, दुसऱ्या बाजूला धाकट्या पातीचे. मास्तर पलीकडे डफ तापवत होते. सुभान पुढे निघाला, आणि मी — ठरवलं होतं का मी? नव्हतं वाटतं. की होतं? मी धावत गेलो आणि त्याच्या कानात सांगितलं, मास्तरांचा निरोप आहे, पाळी बदलली, यंदा आधी थोरल्यांचा.

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. भावाला हाक मारावी तसं म्हणाला, “बरं झालं सांगितलंस, भिया, नाहीतर मेळ्याचा घोटाळा केला असता मी.”

तेवढ्यात सांगता आलं असतं. हाक मारायला कितीसा वेळ लागतो? मी रांगेत जाऊन उभा राहिलो.

नमन त्यानं असं म्हटलं की जाजमावरची म्हातारी माणसं डोळे पुसू लागली. आणि मग जयजयकार. थोरल्यांचा आधी. धाकट्या पातीकडचे एक पोक्त गृहस्थ उठले, उपरणं झटकलं आणि चालू लागले. त्यांच्यामागून बाकीचे. बाप रांगेत शिरून पोरांना दंड धरून ओढू लागले. हत्तीतलं मागचं पोर बापानं ओढून काढलं, आणि हत्ती तोंडावर पडला. त्याची सोंड मी केलेली होती.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी ओसरीवर सगळ्यांसमोर विचारलं. सुभाननं खरं ते सांगितलं, माझं नाव घेऊन. सगळे माझ्याकडे वळले.

मी म्हणालो, “मी? मी तर रांगेत होतो.”

झालं. कारकुनाचा मुलगा आणि मोतद्दाराचा मुलगा — कोणावर विश्वास बसणार? चूक केली ती केली, वर ब्राह्मणाच्या पोरावर ढकलतो, असं लोक म्हणाले. धाकट्या पातीनं निरोप धाडला, तो खोटारडा पोरगा असेल तर आमची पोरं येणार नाहीत. मास्तर हट्टाला पेटले, घरोघर पागोटं हातात घेऊन फिरले, पण सुभानला मेळ्यातून काढेनात. शेवटी सुभानच यायचा थांबला. मेळा मोडू नये म्हणून — हे त्यानं काकूंना सांगितलं, आणि काकूंनी मला.

नमन परत माझ्याकडे आलं. मिसरूड फुटेपर्यंत मी ते म्हटलं.

मास्तर गेले. मेळा आता कोण चालवतो, ठाऊक आहे? सुभान. बापाच्या जागी मोतद्दार आहे, आणि संध्याकाळी पागेच्या अंगणात दोन्ही पात्यांची पोरं खळीत हात घालून बसलेली असतात. तसाच हत्ती, त्याच चाली. शिकवतो असा की बोबडं पोरही सुरात येतं. स्वतः मात्र लोकांसमोर गात नाही. आणि त्याची एक सवय आहे — नमनाआधी पोराजवळ स्वतः जातो, खांद्यावर हात ठेवतो आणि यंदा पाळी कोणाची ते आपल्या तोंडानं सांगतो. निरोप कोणाहाती धाडत नाही. लोक त्याला विक्षिप्त म्हणतात. का ते फक्त मला माहीत आहे.

माझा मुलगा हट्टानं त्या मेळ्यात गेला. मला वाटलं, सुभान त्याला मागच्या रांगेत ढकलेल. ढकलावं, असंही वाटलं. त्यानं त्याला नमन दिलं. रोज जवळ बसवून, एकेक जागा घोटून घेतली.

परवा मुलगा उभा राहिला. तोंड उघडलं, आणि मी ओळखलं — सुभानचं नमन होतं ते, त्या संध्याकाळचं, जसंच्या तसं. जयजयकारही बिनचूक झाला. शेजारचे गृहस्थ माझ्या पाठीवर थाप मारून मोठ्यानं म्हणाले, “वा, गळा घराण्यातच आहे तुमच्या!”

सुभान हाताच्या अंतरावर झांजा घेऊन उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मी त्या गृहस्थांकडे वळून हात जोडले, आणि म्हणालो, “आपली कृपा.”