पिवळ्या रेषेपाशी वीस मिनिटं

नागोयाला जायचं ठरलं ते माधवीमुळे. ही माझी भाची, तिथल्या एका प्रशिक्षण संस्थेत दुभाषी आहे. फोनवर म्हणाली, किल्ला दाखवते, देवळं दाखवते. मी म्हटलं, ते आपल्याकडे ढिगानं आहे, तू कारखाना दाखव. कोल्हापुरात तीस वर्षं लेथ चालवलेल्या माणसाला आणखी काय हवं?

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. विमानतळावरून शहरात रेल्वेनं या, हजार येनच्या आतबाहेर काम होतं. टॅक्सीच्या नादी लागू नका. शाकाहारी असाल तर कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, जपून. निरागस दिसणाऱ्या भाताच्या गोळ्यात मासा दबा धरून बसलेला असतो. उमेबोशीचा गोळा घ्या, ते आंबट-खारट फळ म्हणजे त्यांचं लोणचंच. मी त्यावर दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी माधवीला दया आली आणि तिनं थालीपीठ लावलं.

माधवीच्या संस्थेत तेव्हा आफ्रिकेतल्या बारा तरुणांचं नेतृत्व-प्रशिक्षण चालू होतं. मी आल्याच्या चौथ्या दिवशी त्यांची कारखाना-भेट होती. बसमध्ये एक जागा रिकामी होती, साहेबांना विचारून तिनं मला बसवलं. शेजारी टांझानियाची नेमा. माधवीचं ऐकून तीही मला मामा म्हणायला लागली आणि हसत सुटली, कारण तिच्या भाषेत मामा म्हणजे आई. त्या दिवशी मी बारा लेकरांची आई होतो. मिशीसकट.

कसावा किसायचं यंत्र नेमा स्वतः गावात बनवते. कसावा म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो. पण तिचा ड्रम जोरात फिरला की थरथरतो, महिन्याभरात बेअरिंग जातं आणि बायका पुन्हा हातानं किसायला बसतात. "तीन आठवड्यांत नेतृत्वाच्या नऊ व्याख्या मिळाल्या," ती म्हणाली, "ड्रमला हात लावलेला माणूस एक नाही भेटला." दोनच दिवसांनी तिचं परतीचं विमान होतं. ड्रम बॅलन्स करून घे, म्हणजे त्याचा तोल साधून घे, असं सांगणार होतो, पण कुणाकडून? आम्ही ड्रम बॅलन्सिंगला शेजारच्या मशीनवाल्याकडे पाठवतो. तिच्या शेजारी कुठला आलाय मशीनवाला!

कारखाना रोलर बनवणारा. जमिनीवर पिवळी रेषा, पाहुण्यांनी तिच्या अलीकडून चालायचं. विभागप्रमुख कातो-सान पुढे, नजर घड्याळावर. मध्येच नेमा थांबली. रेषेपलीकडे एक म्हातारे कारागीर दोन सपाट पोलादी पट्ट्यांवर रोलर ठेवून बोटानं हलकेच ढकलत होते. रोलर डुलत डुलत थांबायचा, जड बाजू खाली. मग वरच्या बाजूला चिमूटभर वजन चिकटवायचं, पुन्हा बोट. ना मशीन, ना वीज.

हिला जवळून बघता येईल का, असं माधवीनं विचारलं. कातो-साननी दातांमधून हवा आत ओढली आणि जरा अवघड आहे म्हणाले. आपण "बघू" म्हणतो ना, तसंच ते. शिवाय तीन वाजून दहा मिनिटांनी वर सभागृहात नेतृत्वावर व्याख्यान होतं.

चार दिवसांत माझ्या एक ध्यानात आलं होतं. पाहुण्यानं, त्यातही पिकल्या केसांच्या पाहुण्यानं प्रश्न विचारला की पूर्ण उत्तर दिल्याशिवाय इथला माणूस पाऊल उचलत नाही. मी विचारलं, कचऱ्याचे डबे चार रंगांचे का? उत्तर आलं. निळ्यात तेलकट चिंधी पडली तर? टाकणारा सापडतो कसा? झाडू उलटा का टांगलाय? माधवी जपानीत बोलता बोलता त्याच गोड आवाजात मराठीत म्हणाली, "मामा, पुरे आता." मी डबे सोडून छपराबद्दल विचारायला लागलो.

मागे चाकं वाजली. त्या कारागिरांनी पट्ट्यांची घोडी ढकलत थेट रेषेला आणून लावली होती. नेमाचे बूट अलीकडे, हात पलीकडे. ती चुकली की ते वजन काढून तिच्या तळहातावर ठेवायचे. पुन्हा कर. शब्द एक नाही. एवढंच मी मान वळवून पाहिलं, कारण मला प्रश्न विचारायचे होते. वीस मिनिटं रेटली. व्याख्यान दहा मिनिटांत उरकलं.

निघताना कातो-साननी नेमाच्या बुटांकडे पाहिलं. पाय आत आले नाहीत, छान, म्हणाले.

बसमध्ये मी कॉलर ताठ केली. कसं गुंडाळलं तुमच्या कातो-सानना, म्हटलं.

"तुम्ही?" माधवी म्हणाली. "डब्यांचं उत्तर त्यांनी तीनदा दिलं, मामा. तिसऱ्यांदा मला हळूच म्हणाले, भाषांतराची घाई नको. तुमची पाठ होती, पण त्यांचं तोंड नेमाकडेच होतं ना."

किल्ला नंतर पाहिला. फोटो आहेत, विचाराल तर दाखवीन.

घरी आल्यावर दोन महिन्यांनी नेमाचा व्हिडिओ आला. मी डोळे मिटून फोन कानाला लावला, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, बघायचा असतो तो." ड्रमनं वेग घेतला, बायकांचा गलका, आणि त्याखाली एकसारखी घरघर. खडखड नाही.

दुसऱ्या दिवशी बॅलन्सिंगला जाणारा एक ड्रम मी अडवला, दोन पट्ट्या समांतर लावल्या आणि तासभर झटलो. जमेना. शेवटी नेमाला फोन लावून विचारलं, बोट किती हलकं हवं, कुठे टेकवायचं, सोडायचं कधी?

"मामा," ती म्हणाली, "ड्रम थांबेपर्यंत बोलायचं नसतं."