भाचीची पाच मिनिटं

परोपकार करायला पासपोर्ट लागतो, अशी ठाम समजूत असलेली माझ्या पाहण्यातली एकमेव व्यक्ती म्हणजे माझी सख्खी भाची. तिचा जन्म ओहायोतल्या डब्लिनचा. माझी धाकटी बहीण तिथं नोकरी करते. भाची शिकायला ॲन आर्बरला आहे आणि मीही त्याच गावात राहतो, त्यामुळे दर शुक्रवारी मळक्या कपड्यांची बॅग घेऊन ती माझ्याकडे येऊन आदळते. तिला डॉक्टर व्हायचंय. इथं डॉक्टर होण्याआधी आपण दयाळू असल्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि बसस्टॉपवर थंडीत कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्याला कॉफी पाजली तर तो पुरावा धरत नसावेत. दया समुद्रापलीकडची लागते, मागे नारळाच्या झाडासकट. म्हणून दोन वर्षांपूर्वी मार्चमधल्या स्प्रिंग ब्रेकच्या सुट्टीत ही कार्टी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीबरोबर कुठल्याशा गरीब बेटावर आरोग्यसेवा करायला गेली.

अशा शिकाऊ सेवकांच्या हातात तिथं कुणी सुईसुद्धा देत नाही, आणि ते बेटाच्या दृष्टीनं बरंच आहे. हिच्या वाट्याला ब्लड प्रेशर मोजायचं काम आलं. आठवडाभर तिनं ते मोजलं, उघड्या अंगाच्या पोरांना कडेवर घेऊन फोटो काढले, आणि परत आली ती जणू ते बेट हिनंच समुद्रातून वर काढलंय अशा थाटात. तेव्हापासून तिचं प्रत्येक वाक्य 'ऑन दी आयलंड'नं सुरू होतं. भांडी घासताना मी नळ जरा मोठा सोडला की आयलंडवर पाणी कसं दुरून आणतात ते मला ऐकवणार, आणि स्वतः आंघोळीला गेली की गीझर रडकुंडीला आणणार. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तिनं चपलांच्या ढिगाशेजारी टेबल मांडलं आणि येईल त्याच्या दंडाला पट्टा बांधू लागली. त्यातही तिचा एक नियम होता. मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून गप्प बसायचं. बोललात तर पुन्हा पहिल्यापासून. गणपतीत मराठी माणसाला पाच मिनिटं गप्प बसवायचं! एक काका मंडळाच्या निवडणुकीवर बोलता बोलता आरती हुकवून बसले. आयलंडवर सगळे शांत बसतात, असं ती कुरकुरली. तुझं इंग्लिश त्यांना कळत नसेल, असं मी म्हटलं.

मला राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच. माझी आई, म्हणजे हिची आजी, सांगलीत एकटी राहते. हिला तिकडे चल म्हटलं की डास आठवतात, उकाडा आठवतो, पोट बिघडतं. बेटावरचे डास काय शाकाहारी होते का, असं मी एकदा विचारलं. "दॅट वॉज डिफरंट, मामा," एवढंच उत्तर मिळालं. बरं, आजीला इंग्रजी येत नाही आणि हिचं मराठी वरणभातापुरतं. फोनवर कशी आहेस, जेवलीस का, एवढं झालं की संभाषण संपलं.

गेल्या हिवाळ्यात आई चक्कर येऊन पडली. ब्लड प्रेशर भलतंच वाढलं होतं. गोळ्या रोज घेतल्या नाहीत तर झटका येईल, असं डॉक्टरांनी बजावलं. पण आईनं गोळ्या देवघरात आणि मोजायचं मशीन कपाटात ठेवून दिलं. मी फोनवरून ओरडलो, बहीण रडली. मला काही होत नाही, हे आईचं एकच पालुपद. तेव्हा भाचीनं जाहीर केलं की दर शनिवारी सकाळी, म्हणजे आजीच्या दिवेलागणीला, ती व्हिडिओवर बीपी घेणार. मी मोठ्यांदा हसलो.

पहिल्या शनिवारी तिनं स्क्रीनवरून हुकूम सोडला, "आजी, फाइव्ह मिनिट्स. बोलायचं नाही." इकडे ही माझ्या डायनिंग टेबलाशी पायजम्यात, केस पिंजारलेले, तिकडे आई खुर्चीत पट्टा बांधून. दोघी एकमेकींकडे बघत मुकाट बसल्या. मी कॉफीचा मग घेऊन मागून वेडावून दाखवत होतो. मग आकडा आला, आईनं गोळी जिभेवर ठेवून दाखवली आणि गिळली. पुढच्या शनिवारी आई इस्त्रीची साडी नेसून बसली होती. त्यानंतर तर फोन लागायच्या आधीच तिचा पट्टा बांधलेला असे. गोळ्या रोज सुरू झाल्या, दाब उतरला. नातीच्या डॉक्टरकीचं कौतुक, दुसरं काय, असं मी बहिणीला सांगितलं.

यंदा स्प्रिंग ब्रेकला भाची पुन्हा निघाली बेटावर. तुझा एकुलता एक पेशंट वाऱ्यावर सोडून चाललीस का, असं मी टोचलं, तर जाताना ती काम माझ्याच गळ्यात बांधून गेली. शनिवारी मी फोन लावला आणि लागलीच प्लंबर आला का, मोलकरीण येते का, सुरू केलं. आईनं तळहात दाखवून मला गप्प केलं. मग मी टेबलाखाली मोबाइल चाळत बसलो. आकडा चढा आला. गोळी चुकवलीस का, असं मी दरडावून विचारलं.

"गोळी घेतलीय रे," आई म्हणाली. "तुझं बसणं बरोबर नाही. तुम्ही सगळे फोन करता, बोलता आणि ठेवून देता. त्या पोरीला बोलता येत नाही, म्हणून ती माझ्याकडे बघत बसते. मी आठवडाभर त्याची वाट बघते." मग तिनं पाठ टेकली. "चल, पुन्हा घे. आणि तो मोबाइल ठेव."

मी ठेवला. आईच्या मागे समई लागली होती. ती माझ्याकडे बघत होती, आणि काय करावं ते न कळून मीही तिच्याकडे बघत राहिलो. आई फार म्हातारी झालीय. दुसऱ्यांदा घेतलेला आकडा बरा आला.

भाची परतली ती उन्हानं नाक सोलपटून, आणि 'ऑन दी आयलंड' नव्या जोमानं सुरू झालं. यंदा म्हणे तिला थर्मामीटरही दिला होता. माझं टोमणे मारणं चालूच आहे, आणि सांगलीला कधी जाणार हेही मी दर शुक्रवारी विचारतो. असे किती शनिवार उरलेत कुणास ठाऊक. पण शनिवारी सकाळी त्या दोघी बसल्या की मी घरात मिक्सर लावत नाही.