कानाच्या मापाचा फिल्टर

लातूरची आमची मामी ट्रान्झिस्टरची लग्नं जुळवायची. ताटलीभर बारके, तीन पायांचे ट्रान्झिस्टर घेऊन बसायची, एकेकाला मीटर लावायची आणि ज्यांचं पटेल अशी जोडी बाजूला काढून तांब्याच्या तारेने एकत्र बांधायची. "एक तापला की दुसऱ्यालाबी कळलं पाहिजे, न्हाई तर सूर हलतोय," म्हणायची. आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेली बाई, पण स्थळं बघणाऱ्या बायकांपेक्षा चोखंदळ.

ही सगळी उठाठेव मामांच्या जुन्या ॲनालॉग सिंथसाठी, म्हणजे विजेवर सूर घडवणाऱ्या कीबोर्डसाठी. मामांचा लग्नातला ऑर्केस्ट्रा होता. मुखड्यावर येताना ते फिल्टरचा नॉब सावकाश फिरवायचे; दबलेला आवाज खुलत खुलत जायचा आणि मांडवातली माणसं घास हातात धरून वळून बघायची. "फिल्टर म्हंजे गाळणी," मामी मला सांगायची. "बारीक सूर किती सोडायचे, ते ह्यो नॉब ठरवतोय." मामांचं सगळं नाव त्या एका फिरकीवर होतं.

म्हातारपणी एकदा मामा चिडून बसले. नॉब अर्ध्यावर गेला की पुढे काही बदलतच नाही, यंत्र मेलं म्हणाले. मी फिरवून बघितला, तर आवाज शेवटपर्यंत लख्ख खुलत होता. मी बोलणार, तेवढ्यात मामीने माझा हात दाबला. वरचे बारीक सूर मामांना ऐकू येईनासे झाले होते. कान गेले असं वाजवणाऱ्या माणसाला सांगायचं तरी कसं? त्यांनी पुन्हा सिंथला हात लावला नसता.

"कपॅसिटर सुकलाय, बदलते," मामी बेधडक म्हणाली. मामांना समोर बसवून, वाजवून घेत, तिने मोठमोठे कपॅसिटर लावून फिल्टर मामांना ऐकू येणाऱ्या सुरांपर्यंत खाली आणला, ब्लाऊज अंगावर बेतावा तसा. नॉबची अख्खी फिरकी मामांना ऐकू आली तेव्हा ते ओरडले, "आला बघ परत!" आम्हाला तो आवाज दबकाच वाटायचा. मामी मात्र दर वेळी स्वयंपाकघरातून "वा!" म्हणायची.

मामा अंथरुणाला खिळले तेव्हा मी नांदेडहून जाऊन राहिले होते. मामी औषधं आणायला गेलेली बघून ते हळूच म्हणाले, "पोरं म्हणून राहिली, सिंथ दबका वाजतोय. मला तर फक्कड ऐकू येतंय. मग बिघडलं काय? सिंथ का कान?" आणि हसले. "लई जपलं तिनं मला. मला कळलंय, हे तिला बोलू नको बरं."

मामा गेले. परवा मी लातूरला गेले, तर मामी सिंथ उघडून बसली होती. अर्धापूरचा एक वाजवणारा तो नेणार होता, म्हणून जुन्या मापाचे कपॅसिटर परत लावत होती. सोल्डर करता करता मान वर न करता तिने विचारलं, "ह्यांना कधी कळलं तर न्हाई ना गं?"

"नाही मामी," मी म्हणाले.

"बरं झालं." तिने चष्मा पुसला आणि मला नॉब फिरवायला सांगितला. आवाज शेवटपर्यंत लख्ख खुलत गेला. सवयीने मामी "वा!" म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.