नेटची वायर काढली आणि छप्पर आपोआप बंद झालं

मी ह्या ग्रुपमध्ये फक्त वाचते, कधी लिहीत नाही. आज राहवलं नाही.

आमच्या काकांची दुर्बीण शहराबाहेर आत्याच्या शेतावर, सरकत्या छपराखाली आहे. शहरातल्या जयेंद्रगंजच्या घरी बसून लॅपटॉपवरून त्या दुर्बिणीने ताऱ्यांचे फोटो काढायचेत. पण दुर्बीण आणि छप्पर दोन्ही चालवायला सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं? काकांना एक फार आवडलेलं, दिसायला एकदम मस्त.

मी आठवीत शाळा सोडली, त्यामुळे काकांसमोर बोलायला भीती वाटते. तरी विचारलं, "काका, तिथलं नेट गेलं आणि पाऊस आला तर छप्पर कोण बंद करणार?"

काका हसले. "लो, मॅडम बोलल्या! चल, करूनच बघू."

दुपारी आत्याला फोन करून तिथल्या नेटची वायर काढायला लावली. काकांचं सॉफ्टवेअर इथे लॅपटॉपवर नुसतं अडकून बसलं. छप्पर उघडंच!

मग दुसरं लावलं. फुकटचं, दिसायला साधं, पण तिथल्याच कंप्यूटरवर चालणारं. परत वायर काढली.

थोड्या वेळाने फोनवर आत्या ओरडली, "अगं, दुर्बीण खाली वाकतेय! आता छप्पर सरकतंय! मी तर हात पण नाही लावला, कसम से!"

छप्पर आधी सरकलं असतं तर दुर्बिणीवरच आदळलं असतं. मतलब, ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कुणाला तरी, कुठेतरी लांब, नेट गेलं तर काय, अशी माझ्यासारखीच भीती वाटली होती.

काका म्हणाले, "हेच घेऊ. आता ह्याचा पासवर्ड तूच ठेव."

तुमच्या मनातली भीती अशी कुणी अनोळखी माणसाने आधीच ओळखून ठेवलीये का कधी?