घड्याळाचा हात

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिमायतनगरला रिक्षात होते आणि नेहमीसारखी डावीकडे म्हणत उजवीकडे हात दाखवत होते. रिक्षावाला वैतागून म्हणाला, "मॅडम, हाथ देखूँ या बात सुनूँ? एकीच बोलो." तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून आत्याचा मुलगा विलासदादा, "आई गेली गं," एवढंच म्हणाला. मी रिक्षावाल्याला सांगितलं, अंबरपेठला चला. त्यानं रिक्षा कुठल्या बाजूला वळवली ते मला आठवत नाही. आठवलं असतं तरी मी बरोबर सांगितलं असतं याची खात्री नाही. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीही मला डावं-उजवं चटकन कळत नाही. आणि हा माझा गोंधळ ज्या बाईमुळे झाला, त्याच बाईनं अंबरपेठेतल्या निम्म्या पोरांना डावं-उजवं शिकवलं होतं.

शकूआत्या घराच्या पुढच्या खोलीत बालवाडी चालवायची. सतरंजीवर पंचवीस-तीस मुलं, कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या तेलुगू, कुणाच्या दखनी. आत्या समोर स्टुलावर बसून एका दमात ओरडायची, "उजवा! कुडी! सीधा!" आणि हात वर करायची. मग "डावा! एडमा! उल्टा!" आणि दुसरा हात. गंमत अशी, की उजवा म्हणताना ती स्वतःचा डावा हात वर करायची, ज्यात घड्याळ असायचं तो. मुलं समोर बसलेली. ती आरशात बघितल्यासारखी त्याच बाजूचा हात उचलायची आणि तो नेमका त्यांचा उजवा असायचा. "पोरं कानांनी शिकत नाहीत, डोळ्यांनी शिकतात," ती म्हणायची. "समोरच्याला समजवायचं, तर हात त्याच्या हिशोबानं उचलावा लागतो."

पण मी समोर बसतच नव्हते. आई मला सकाळी तिथं सोडून ऑफिसला जायची आणि मी आत्याचा पदर सोडला की भोकाड पसरायचे. म्हणून दोन वर्षं मी स्टुलाला चिकटून, मुलांकडे तोंड करून बसले. आत्या घड्याळाचा हात वर करायची, मीही त्याच बाजूचा हात वर करायचे, अगदी ठणकावून, "उजवा! कुडी! सीधा!" पुढे मोठ्या शाळेत कवायतीच्या तासाला सगळा वर्ग एकीकडे वळला आणि मी दुसरीकडे, तेव्हा हे उघडकीला आलं. आत्याला कळल्यावर ती आधी पोट धरून हसली आणि मग मला जवळ घेऊन बसली. "माझंच चुकलं गं," म्हणाली. "तुला समोर बसवायला पाहिजे होतं." त्यानंतर तिनं मला कितीदा तरी समोर बसवलं. पण एकदा बसलेलं काही हटेना. आजही उजवा म्हटलं की मला आधी तिचं घड्याळ दिसतं, आणि मग मी थांबून सगळं उलटं करून घेते. कधी दोनदा उलटं करते, मग पुन्हा पहिल्याच जागी.

हे सगळं इतकं सविस्तर सांगते आहे ते हॉस्पिटलमधल्या एका सकाळसाठी. आत्याला झटका आला होता. हातपाय बऱ्यापैकी चालत होते, बोलणं मात्र गेलं होतं. व्यायाम करून घेणारा एक तरुण मुलगा आला आणि तिच्या समोर उभा राहून म्हणाला, "अम्मा, सीधा हाथ उठाओ." आत्यानं हात वर केला. घड्याळ काढून ठेवलेलं होतं, पण मनगटावर त्याचा फिकट पट्टा दिसत होता. मला तर बरोबरच वाटलं! मी खूशसुद्धा झाले. मग दादाचा पडलेला चेहरा दिसला. "उल्टा हाथ?" तो मुलगा म्हणाला. आत्यानं दुसरा उचलला. त्या मुलानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि दादाला बाजूला नेऊन सांगितलं की त्यांना समजत नाहीये. मी मनात म्हटलं, असेल, आपल्याला कुठं कळतंय…

आत्यानं मात्र हात खाली घेतला नव्हता. ती त्या मुलाकडे बघत होती, भुवया उंचावून, चल, तूही कर, अशी. वर्गात एखादं पोर अडलं की ती अशीच थांबायची, त्याचा हात वर येईपर्यंत. शेवटी नर्सनं तिचा हात धरून खाली ठेवला.

त्या दिवसापासून तिला कुणी काही विचारेनासं झालं. बालवाडी बंद करायचं तिच्या खाटेशेजारी उभं राहूनच ठरलं. ती आमच्या तोंडांकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले तर दादा म्हणाला, "आजारानं होतं तसं." तीन आठवड्यांत ती गेली. तिला खरंच समजत नव्हतं, की ती समोरच्या पोराला शिकवत होती? डॉक्टरांना विचारलं असतं तर कदाचित कळलं असतं. आता कुणाला विचारू? रोज सकाळी मला वाटतं तिला सगळं समजत होतं, आणि संध्याकाळपर्यंत मी उलट ठरवलेलं असतं, कारण तेच मला सोसतं.

मागच्या रविवारी दादानं खोली आवरायला बोलावलं. भिंतीवर एक जुना फोटो आहे, कुणा पालकानं मुलांमध्ये बसून काढलेला. आत्या स्टुलावर, घड्याळाचा हात वर, तोंड उघडं. मी तिच्या पदराशी, त्याच बाजूचा हात वर करून. मी सतरंजी पसरली, मुलं बसायची तिथं बसले आणि फोटोकडे बघत तिच्या हातासमोरचा माझा हात उचलला.

"दादा, हा कुठला?"

"उजवा," तो खोके बांधता बांधता म्हणाला. "अजून कळत नाही होय तुला?"

हॉस्पिटलमधल्या त्या हाताबद्दल तेव्हाच त्याला सांगायला हवं होतं. जमलं नाही, म्हणून हे लिहिते आहे. पण दादा इंग्रजी शाळेतला, मराठी वाचताना अडखळतो. म्हणजे छापून आलं की मलाच त्याला वाचून दाखवावं लागणार… त्या रविवारी तो पुन्हा खोक्यांकडे वळला. फोटोतली आत्या हात वर करून थांबलेली होती, समोरच्याची वाट बघत. मी माझा हात बराच वेळ खाली घेतला नाही.