चाचांची शेवटची बाटली

चाचांना जगातली एकही काच पसंत नव्हती, आणि माझी तर नाहीच नाही. कतारला, दोह्यात आमच्या वर्कशॉपमध्ये आम्ही दोघं प्रयोगशाळांसाठी काचेची भांडी फुंकायचो. चाचा रत्नागिरीकडचे, उभा जन्म ह्याच कामात गेलेला. मी चिपळूणचा, त्यांच्या हाताखाली आठ वर्षं काढली. आठ वर्षांत शाबासकीचा एक शब्द नाही! माझे गाल फुगले की लगेच, "सनई वाजवतोस काय रे? पोटातून फुंक." असा खडूस म्हातारा मी दुसरा पाहिला नाही.

एका शुक्रवारी मी त्यांना म्युझियममध्ये नेलं. रोमन काळातल्या फुंकलेल्या बाटल्या मांडल्या होत्या, अत्तराच्या, तेलाच्या, सगळ्यांवर इंद्रधनुष्यी झाक. शेजारी उभ्या असलेल्या एक पुणेकर बाई "काय कारागिरी हो, काय रंग!" म्हणाल्या, तर चाचा फिस्सकन हसले. "कारागिरी कसली, बाई? मातीत पडून सडलीय काच. पापुद्रे सुटलेत, म्हणून चमकते." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग एकेका बाटलीची हजेरी सुरू झाली. "हा घाईत होता, तळ बघ, वाकडा. ह्याने फिरवताना हात थांबवला, एक बाजू जाड झाली. आणि हा तुझ्यासारखा गालफुग्या!" दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना झापायचं म्हणजे हद्द झाली. फक्त एका बोटभर बाटलीपुढे ते वाकून बघत राहिले. "ह्याचा दम बघ," एवढंच म्हणाले. "कागदासारखी पातळ काढलीय. चल, यल्ला."

त्याच वर्षी कंपनीच्या तपासणीत डॉक्टरांनी त्यांना प्लॅस्टिकच्या नळीत फुंकायला सांगितलं. तीनदा फुंकलं, तिन्ही वेळा आकडा खालीच. "नळीच भिकार आहे तुमची," असं चाचांनी डॉक्टरांनाच सुनावलं. पण छाती गेलेली होती. कंपनीने गावचं तिकीट हातात ठेवलं, खलास. फुंकर गेल्यावर काचवाल्याचं उरतं काय?

शेवटच्या दिवशी दुपारी ते बर्नर पेटवून बसले. तसलीच बोटभर बाटली करायची होती. काचेला जोडलेली रबरी नळी तोंडात धरली, काच ज्योतीत फिरवली, ती लालबुंद झाली, पण फुगेना. दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदाही नाही. धाप लागली. माझ्याने बघवेना. मग माझ्याकडे न बघताच त्यांनी नळीचं टोक पुढे केलं. "फुंक. हळू."

काच तेच फिरवत होते, हात तसूभरही ढळला नाही. दम माझा. बाटली झाली, आणि काय सुरेख झाली! गार झाल्यावर त्यांनी ती उजेडात धरली. मी आशेने बघत राहिलो. कसचं काय! बनियनमध्ये गुंडाळून त्यांनी ती बॅगेत कोंबली.

परवा गावाहून चाचींचा फोन आला. "आल्यागेल्याला ती बाटली दाखवतात. माझा दम अजून शाबूत आहे, ही मीच फुंकली, म्हणतात. खरं का रे?"

असा संताप आला! खोटारडा, घमेंडखोर म्हातारा!

"हो चाची," मी म्हटलं, "त्यांनीच फुंकली. मी बाजूलाच उभा होतो."